जीपच्या हौद्यातला प्लग

आमच्या जीपच्या हौद्यात, मागच्या उजव्या चाकावर लोखंडाचा जो फुगवटा येतो त्याला लागून, यांनी विजेचा एक प्लग बसवला. त्या हिवाळ्यात आमच्या घरातलं बोलणं जवळजवळ बंद पडलं होतं.

घरात माणसं तीनच. हे, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. समुद्रपूर आणि गिरड यांच्या मधलं आमचं गाव. मी गावच्याच शाळेत शिकवत होते. शेती होती, पण यांचा जीव शेतीपेक्षा जीपमध्ये जास्त. जुनी, कुठूनतरी लिलावात निघालेली जीप यांनी घेतली होती आणि तिच्यावर भाडी मारत. गुरुवारी गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाणारे लोक, बाजारच्या दिवशी बियाण्याची पोती, लग्नसराईत वऱ्हाड. मागे दोन्ही बाजूंना बसायला फळ्या, मध्ये सामान, वर ताडपत्रीचं हूड. हुडाचे मागचे पडदे दोरीनं बांधायचे. बांधले तरी वारा कुठून ना कुठून आत यायचाच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट आहे. पण तिची सुरुवात त्याच्या दोन हिवाळे आधी झालेली.

माझं पहिलं मूल सातव्या महिन्यातच झालं. आठवा लागला की मी माहेरी, नाचणगावला जायचं ठरलेलं होतं. ते राहून गेलं. घरीच, दाईच्या हातून झालं. मुलगा. मी त्याचं तोंड एकदा पाहिलं, एवढंच. रडला, पण आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक. दाई म्हणाली, याला मोठ्या दवाखान्यात न्या, इथे नका ठेवू. हे त्याला घेऊन वर्ध्याला निघाले. आत्याबाई मागे हौद्यात, मांडीवर बाळ. मी खाटेवर. माझ्या अंगात उठायचंही बळ नव्हतं. पौषाचे दिवस, सकाळ, आणि उत्तरेचा वारा सुटलेला.

दुपार कलल्यावर जीप परत आली. आवाजावरूनच मला कळलं. जाताना जी गाडी किंचाळत गेली होती ती येताना बैलगाडीसारखी आली.

यांनी मला एकच वाक्य सांगितलं, तेही भिंतीकडे बघत. "डॉक्टर म्हने, रस्त्यात गार पडलं पोर. ऊब भेटली असती तं वाचलंबी असतं, सांगता येत नाई."

त्यानंतर त्या दिवसाबद्दल घरात कोणी काही बोललं नाही. आत्याबाई तर नाहीच. सकाळी उठून चूल पेटवायच्या, मला मेथ्या-डिंकाचं करून द्यायच्या, आणि मी रडायला लागले की उठून गोठ्याकडे जायच्या. त्यांना माझ्याजवळ बसवत नाही, याचा मला तेव्हा राग यायचा.

दुसऱ्यांदा दिवस गेले ते कळल्यावर घरात आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. भीती आली. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सहावा संपला की शाळेची रजा काढा, ओझं उचलू नका, आणि दवाखान्याच्या जवळ राहायला या. संक्रांत झाली की मला नाचणगावला नेऊन सोडायचं ठरलं. तिथून वर्धा जवळ. एवढं ठरल्यावर मला थोडं बरं वाटलं. यांना वाटलं नाही.

सेलूकडे एकानं कोंबड्या पाळायला घेतल्या होत्या. त्याची एक दिवसाची पिलं आणायचं भाडं यांना मिळालं. तिथे यांनी पाहिलं, खोक्यात पिलं आणि वर पेटलेला दिवा. घरी आले ते जेवतासुद्धा बोलत होते. यांना इतकं बोलताना मी फार दिवसांनी ऐकलं.

"दिव्याखाली आंग पसरून झोपतात पिल्लं. बाहेर थंडी, आत काईच नाई. आपल्या हौद्यात असा दिवा लावता आला पायजे."

मी म्हटलं, "मी तं नाचनगावले जाऊन राह्यली ना?"

"गेली तं चांगलंच हाये. पन गाडीत असला पायजे."

मग यांनी आणला तो घरातला साधा दिवा. गाडीच्या बॅटरीवर तो पेटेचना. हिंगणघाटला गाड्यांचं वायरिंग करणारा एक ओळखीचा मिस्त्री होता, त्याच्याकडे गेले. त्यानं सांगितलं, गाडीचेच दिवे लागतील, जाड वायर लागेल, बॅटरीजवळ फ्यूज पाहिजे, आणि गाडी उभी ठेवून दिवे चालू ठेवले तर बॅटरी बसेल. यांनी सामान आणलं आणि बाकीचं काम स्वतःच करायला घेतलं. दुसऱ्याचा हात यांना त्या कामाला लागू द्यायचा नव्हता.

कितीतरी दिवस, भाडं आटोपलं की जीप अंगणातल्या निंबाखाली उभी. बोनेटखालून वायर काढून चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, कडेकडेनं मागे आणली. पत्र्यातून ती जिथे वर येते तिथे पहिल्यांदा नुसतंच भोक पाडलं होतं. पत्र्याच्या धारेनं वायर कापली गेली आणि एकदा बाजारातून येताना धूर निघाला. मग भोकात रबराची कडी बसवली. लाकडाचा ठोकळा, त्यावर काळा, दोन भोकांचा प्लग, जसा घरात रेडिओला असतो तसा. एका बाजूची बसायची फळी काढून टाकली. त्या जागी चहाची रिकामी पेटी, आत घरचा पिंजलेला कापूस, आणि एका टोकाला जाळीमागे गाडीचे दोन दिवे.

पेटी गरम होते का हे बघायला यांनी खोबरेल तेलाची बाटली घेतली. थंडीनं तेल थिजून पांढरं झालं होतं. ती कापसात ठेवून दिवे लावले आणि हमरस्त्यावरच्या जाम गावापर्यंत चक्कर मारून आले. बाटली काढून मला दाखवली. तेल पाण्यासारखं झालं होतं. यांचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता. मला हसता आलं नाही. पोटातलं मूल हलत होतं आणि त्याच्यासाठी अंगणात ही पेटी तयार होत होती. आपल्याकडे पाळणासुद्धा आधी आणत नाहीत.

आत्याबाई पहिल्या दिवसापासून त्या पेटीकडे पाठ करून बसायच्या. अंगणात यायचं झालं तर जीपला वळसा घालून मागच्या दारानं जायच्या. मला वाटलं, अपशकुनाची भीती असेल. एक दिवस पेटीतला कापूस जाळीजवळ करपला. तांबूस झालेला कापूस यांनी बाहेर काढून टाकला, तो त्यांनी पाहिला. हातात उचलून नाकाशी धरला.

"लेकराले भाजाचं हाये का तुले?"

हे म्हणाले, "दिवे थोडे मागे सरकवतो, आई. मधात पत्रा लावतो. होते बरोबर."

"काय होते बरोबर? लेकरू काय कोंबडीचं पिल्लू हाये? मानसाच्या आंगाची ऊब असते लेकराले. दिव्याची नाई."

हे पेचकस घेऊन जाळीचे स्क्रू सैल करत वाकलेले होते. वर न बघता बोलून गेले, "मानसाच्या ऊबीनं काय झालं ते पाह्यलं ना आपून."

मी दारात उभी होते. आत्याबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजे माही मांडी गार होती. असं म्हन ना सरळ तोंडानं."

यांनी नाही म्हणायला हवं होतं. यांनी पेचकस खाली ठेवला आणि जाळी पुसायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आत्याबाई गिरडला, आपल्या बहिणीकडे निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "जपून राह्यजो." यांना काहीच नाही.

घर खायला उठलं. हे दिवसभर भाड्यावर, संध्याकाळी पेटीशी. आईचं नाव काढलं की उठून जायचे. मी शाळेत मुलांना बेरजा घालायला लावून खिडकीबाहेर बघत बसायची. शेवटी एका रविवारी मी एकटीच एसटीनं गिरडला गेले.

आत्याबाई बहिणीच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बहीण शेतात गेलेली. मी बाजूला बसून सोलायला लागले. त्यांना घरी चला म्हणायला गेले होते, पण तोंडातून दुसरंच निघालं.

"आत्याबाई, त्या दिवशी गाडीत काय झालं ते मले कोनी सांगितलंच नाई."

"काय सांगाचं राह्यलं?"

"मी त्याची माय होती. मले काईच माहीत नाई."

त्यांनी सोललेल्या दाण्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं. मग बोलल्या, माझ्याकडे न बघता. बाळाला त्यांनी चोळीच्या आत, पोटाशी धरलं होतं. वरून लुगड्याचा पदर, त्यावर घोंगडी. समुद्रपूरच्या अलीकडे त्यानं डोळे उघडले. एकदा तोंड हलवलं, दूध शोधल्यासारखं. आणि मग काही नाही.

"समुद्रपूर यायच्या आंधीच?" मी विचारलं.

"हो."

"यायले तं डॉक्टरनं सांगतलं, गार पडलं म्हनून."

"कोनी सांगतलं गार पडलं?" त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "गार नोतं पडलं, बाई. माह्या पोटाले लागून होतं. गरमच होतं. श्वास घेता घेता थांबलं."

"मंग तुमी सांगतलं काऊन नाई?"

"तो गाडी चालवून राह्यला होता. पुढे मोठा रोड, ट्रका. घडी घडी विचारे, 'आई, गरम हाये का?' मी म्हनो, 'हाये.' खोटं नोतं ते. गरमच होतं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "वर्ध्यापावतर तसंच धरून बसली. गार झालं ते दवाखान्याच्या दारात. डॉक्टरनं हात लावला आन म्हने गार पडलं. मंग तवा काय सांगू मी?"

अंगणात उभी असलेली ती पेटी, ती वायर, तो प्लग, सगळं त्या डॉक्टरांच्या एका वाक्यावर उभं होतं. आणि ते वाक्य मेलेल्या मुलाला हात लावून बोललेलं होतं.

"यायले सांगाले पायजे," मी म्हटलं.

"नको. मी सांगीन तवा सांगीन. करून राह्यला तं करू दे. त्याचे हात कामात असले म्हंजे बरा राह्यते तो."

त्या माझ्याबरोबर परत आल्या. आल्या त्या यांच्याकडे न बघता सरळ चुलीशी गेल्या. पण पेटीत करपलेल्या कापसाच्या जागी दुसऱ्या दिवशी जुन्या मऊ लुगड्याची चौघडी अंथरलेली होती. ती कोणी ठेवली हे यांनी विचारलं नाही. यांनी मधे पत्रा लावला, दिवे मागे घेतले. रोज संध्याकाळी मला हात घालून बघायला सांगायचे. "आता? आता बरोबर हाये ना?" मी हात घालायची, हो म्हणायची. गिरडला ऐकलेलं मात्र सांगायची नाही.

संक्रांतीची वाट बघायची वेळच आली नाही. सकाळी चुलीपाशी चहा घेताना कळ आली, आणि जीप काढून मला आत घालेपर्यंत आत्याबाईंनी ओरडून थांबायला सांगितलं. घरातच मुलगी झाली. यावेळी आठवा लागलेला होता, पण तीही वीतभरच. त्वचा इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. यांनी तोवर इंजिन सुरू करून पेटी गरम करायला लावली होती. दिव्यांच्या वायरीच्या पिना यांनी एकाच खेपेत, नीट प्लगमध्ये बसवल्या होत्या.

मला हौद्यात गादीवर झोपवलं. बाजूला पेटी. पेटीशी आत्याबाई, एक हात आत. झाकणाला यांनी हवेसाठी भोकं ठेवली होती, त्यातून पिवळा उजेड येत होता.

गाव सुटलं आणि पुढून आवाज आला, "आई, गरम हाये का?"

"हाये."

तो शब्द ऐकला आणि मी पेटीकडे मान वळवली. तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच रस्ता. याआधी ते उत्तर दिलं गेलं तेव्हा काय झालं होतं हे त्या गाडीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. समुद्रपूर जवळ आलं. पुन्हा विचारलं. पुन्हा "हाये." मला त्या शब्दावर विश्वास ठेवता येईना. मी कोपरावर उठले. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"मले हात लावू द्या."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझं मनगट धरलं, झाकण किंचित उचललं आणि माझा हात आपल्या हाताखाली मुलीच्या छातीवर ठेवला. छाती हलत होती. फार जलद, मधेच थांबून, पण हलत होती.

"हाये," मीच ओरडून सांगितलं. पुढे यांनी मान वळवली. आवाज बदललेला त्यांना कळला असावा. आम्ही दोघींनी हात काढले नाहीत.

वर्धा जवळ आलं आणि रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी येणार होती. गाडी उभी राहिली की बॅटरी खाली होते, म्हणून हे इंजिन सारखं घुमवत होते. धूर आत यायला लागला. आत्याबाई पदरानं भोकांवरून धूर हाकलत होत्या. फाटक उघडलं, जीपनं रुळांवरून उडी मारली आणि आतला उजेड एकदम निम्मा झाला.

"एक दिवा गेला!" आत्याबाई ओरडल्या.

"उभी करू?"

"नको! एकावर गरम हाये. तू चाल!"

दवाखान्यात मुलीला घेतलं तेव्हा नर्सनं पहिल्यांदा तिच्या पायाला हात लावला आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ काय, हे आम्हाला कितीतरी वेळ कळलं नाही. नंतर डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, जिवंत पोचवलीत, आता बघू.

बघू म्हणता म्हणता आठवडे गेले. कधी रंग पिवळा व्हायचा, कधी दूध पोटात ठरायचं नाही. मग एक दिवस बाईंनी सांगितलं की मुलगी वजन धरते आहे, काळजी कमी करा. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. यांना एकदम भरून आलं. आईजवळ जाऊन बसले. कितीतरी दिवसांनी आपणहून बोलले.

"आई, तवाच हा प्लग बसवला असता तं थोरला आज चालत असता. माह्या डोक्यात तवा आलंच नाई."

यात आईला दोष नव्हता. स्वतःलाच होता. पण आत्याबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत, सगळं सांगितलं. समुद्रपूरच्या अलीकडे. चोळीच्या आत. गरम होता तरी.

यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मी विचारत होतो तुले. सारखा विचारत होतो."

"हो रे बाप्पा."

"म्हंजे वर्ध्यापावतर मी कोनाले घेऊन गेलो?"

हे उठून फाटकाबाहेर गेले. संध्याकाळी परत आले, माझ्यासाठी दूध घेऊन. मुलीला काचेतून बघितलं. मग मला विचारलं, "तुले माहीत होतं?" मी हो म्हटलं. एवढंच. पुढे त्याबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

मुलगी घरी आल्यावर घरात बारशाची गर्दी झाली, पण हे आणि आत्याबाई कितीतरी महिने माझ्यामार्फत बोलायचे. "आईले विचार, जेवली का." "त्याले सांग, बैल लंगडून राह्यला." आत्याबाईंनी मुलीला तेलानं मळून उन्हात ठेवलं की हे जवळ येऊन उभे राहायचे, पण बघायचे मुलीकडेच. आत्याबाई त्यात वाळत गेल्या. मला दोघांचीही बाजू कळत होती आणि म्हणून कोणाला काही सांगता येत नव्हतं. पावसाळ्यात आत्याबाईंना ताप भरला तेव्हा हे त्यांच्या उशाशी बसले. मी आत गेले तेव्हा दोघं गोठ्याच्या छपरावरच्या गळक्या कवेलूंबद्दल बोलत होते. तिथून ते बोलणं कसंबसं सुरू झालं. पहिल्यासारखं मात्र झालं नाही. जेवायला वाढायला हे अजूनही मलाच सांगत.

प्लगची बातमी आसपासच्या गावांत गेली होती. पुढच्या हिवाळ्यांत लोक यायला लागले. कोणाची दिवस भरण्याआधी झालेली कच्ची पोरं, कोणाची जुळी. हे हातातलं भाडं सोडून जायचे. काही पोचली, काही नाही. निघताना मागे बसणाऱ्या बाईला हे एक गोष्ट बजावायचे, ती मी अंगणातून ऐकलेली आहे. "काई झालं तं मले खरं सांगजो. मी गाडी उभी करीन."

एकदा शेजारच्या गावच्या मजुराचं बाळ नेत होते. दुपारीच परत आले. हातपाय धुऊन ओट्यावर बसले तेव्हा त्यांनी सांगितलं, की जामच्या अलीकडे त्या बाळाच्या आजीनं मागून यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, भाऊ, झालं. यांनी गाडी एका बाभळीखाली घेतली. पेटीतले दिवे बंद केले. बाप पुढे बसला होता, तो मागे आला. सगळे मिळून थोडा वेळ तिथे बसले. मग गाडी वळवली.

"रडला का तो?" मी विचारलं.

"रडला. मीबी रडलो."

आत्याबाई आत पोळ्या करत होत्या. तव्यावरची पोळी उलटायची राहिली, ती करपल्याचा वास आला. हे उठले, आत गेले आणि पाटावर बसत म्हणाले, "वाढ, आई."